कॅल्शियम धरणारी प्रथिनं: नागपूरकरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लॅबचा रिपोर्ट मोबाइलवर येतो, कॅल्शियमच्या आकड्यापुढे खूण दिसते आणि मला मेसेज सुरू होतात. मी जीवरसायनशास्त्र शिकवते. डॉक्टर नाही, त्यामुळे कोणाला औषधाचा डोस सांगत नाही. पण आकड्यामागे शरीरात काय चाललेलं असतं ते सांगता येतं आणि ते लोकांना कळावं असं मला मनापासून वाटतं. शरीरात कॅल्शियम किती आहे हे सगळे विचारतात. ते या घडीला कोणत्या प्रथिनाने धरलंय हे फारसं कोणी विचारत नाही, आणि निम्म्याहून जास्त शंकांचं उत्तर तिथेच असतं. एकच गोष्ट दोनदा सांगितलेली नाही. जिथे संबंध येतो तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कॅल्शियम म्हणजे हाडं, एवढंच शाळेत शिकलो. ही कॅल्शियम धरणारी प्रथिनं काय आहेत?

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण एक किलो कॅल्शियम असतं. त्यातलं ९९ टक्के हाडांत आणि दातांत. उरलेल्या एका टक्क्यावर हृदयाचा ठोका, हातापायांची हालचाल, रक्ताचं गोठणं आणि एका चेतापेशीकडून दुसरीकडे जाणारा निरोप चालतो. ही कामं नुसतं कॅल्शियम करत नाही. त्याला ओळखून धरणारं, धरल्यावर स्वतःचा आकार बदलणारं आणि काम झालं की सोडून देणारं प्रथिन लागतं. अशी शेकडो प्रथिनं आपल्यात आहेत. कॅल्मोड्युलिन आणि ट्रोपोनिन सी निरोप पोचवतात. कॅल्सिक्वेस्ट्रिन स्नायूंमध्ये साठा सांभाळतं, त्याच्या एकेका रेणूवर कॅल्शियमचे चाळीसच्या वर आयन बसतात. कॅल्बिंडिन आतड्यात ने-आण करतं, अल्ब्युमिन रक्तात. कॅडहेरिन तर पेशीला पेशी जोडून ठेवतं, आणि कॅल्शियम काढून घेतलं की ती जोडणी सुटते.

२. पेशीच्या आत कॅल्शियम फार कमी असतं असं वाचलं. एवढं महत्त्वाचं आहे तर आत भरून का ठेवत नाही?

कारण पेशीचा ऊर्जेचा सगळा व्यवहार फॉस्फेटवर चालतो, आणि कॅल्शियम व फॉस्फेट भरपूर प्रमाणात एकत्र आले की त्यांचा न विरघळणारा क्षार बनतो. हाडासाठी ते उत्तम, पेशीच्या आत मात्र जीवघेणं. म्हणून पेशीचे पंप रात्रंदिवस कॅल्शियम बाहेर फेकत असतात. पेशीच्या आतलं सुटं कॅल्शियम बाहेरच्या तुलनेत सुमारे दहा हजारपट कमी असतं.

याच टंचाईचा शरीराने उपयोग करून घेतला आहे. आत जवळपास काहीच नसल्यामुळे चॅनेल (पेशीच्या आवरणातलं कॅल्शियमचं दार) क्षणभर उघडलं तरी आतलं प्रमाण लगेच कित्येक पटींनी वाढतं, आणि तो बदल टिपायला प्रथिनं तयार असतात. चेतापेशीच्या टोकाला हे काम सिनॅप्टोटॅग्मिन करतं. ते कॅल्शियम धरतं आणि एक हजारांश सेकंदाच्या आत रासायनिक निरोप पुढच्या पेशीकडे सुटतो. हे उलगडण्यात थॉमस सुडहॉफ यांचा मोठा वाटा आहे, त्यांना २०१३ चं नोबेल मिळालं.

३. प्रथिन कॅल्शियमला 'धरतं' म्हणजे नेमकं कसं?

उजवा हात पुढे करा. तर्जनी सरळ ठेवा, अंगठा तिच्याशी काटकोनात ताणा आणि मधलं बोट आत वळवा. तर्जनी आणि अंगठा म्हणजे प्रथिनाचे दोन पीळदार भाग, आणि वळलेलं बोट म्हणजे मधला १२ अमिनो आम्लांचा फास. कॅल्शियम त्या फासात बसतं. रॉबर्ट क्रेट्सिंगर यांनी १९७३ मध्ये कार्प माशाच्या स्नायूंतल्या पार्व्हाल्ब्युमिन या प्रथिनाची रचना पाहून हे दाखवलं. कार्प म्हणजे आपल्या रोहू-कटल्याच्या कुळातलाच मासा. त्या प्रथिनातले 'ई' आणि 'एफ' क्रमांकाचे पीळ असे मांडलेले होते, म्हणून या रचनेला 'ईएफ हँड' म्हणतात.

फासातले ऑक्सिजनचे अणू कॅल्शियमला सहा-सात बाजूंनी वेढतात. मॅग्नेशियमवर कॅल्शियमएवढाच विद्युतभार असतो आणि पेशीत ते कितीतरी जास्त असतं, तरी ते सहसा कॅल्शियमची जागा बळकावू शकत नाही. त्याचा आकार लहान आहे, त्याला सहाच ऑक्सिजन जवळ हवे असतात, आणि या फासात ते नीट बसत नाही.

सगळी कॅल्शियम धरणारी प्रथिनं याच घडणीची नसतात. रक्त गोठवणारी वेगळ्या पद्धतीने धरतात (प्रश्न ११), आणि अल्ब्युमिन तर फारच सैल धरतं (प्रश्न ७).

४. सगळीकडे कॅल्मोड्युलिनचं नाव येतं. त्यात एवढं विशेष काय?

लहानसं प्रथिन आहे, १४८ अमिनो आम्लांचं. त्याला चार फास आहेत, म्हणजे चार कॅल्शियम. कॅल्शियम नसताना ते मिटलेलं असतं. कॅल्शियम बसलं की त्याचे चिकट भाग उघडे पडतात आणि ते दुसऱ्या प्रथिनांना विळखा घालून त्यांना कामाला लावतं. रक्तवाहिन्यांचं आकसणं, आठवण पक्की होणं, रोगप्रतिकारक पेशी जाग्या होणं, अशा किती तरी ठिकाणी तेच असतं.

मला शिकवताना आजही नवल वाटतं ते याचं, की माणसात कॅल्मोड्युलिनची तीन वेगवेगळी जनुकं आहेत आणि तिन्ही तंतोतंत एकच प्रथिन बनवतात. तीन जनुकं म्हणजे सहा प्रती. त्यातली एक बिघडली तरी पाच चांगल्या असतात, म्हणजे काही होऊ नये असं वाटतं. तसं होत नाही. एका प्रतीत एक अमिनो आम्ल बदललं तरी हृदयाची लय जीव जाण्याइतकी बिघडू शकते, हे २०१२ पासून काही कुटुंबांत दिसून आलं आहे. खेळताना किंवा घाबरल्यावर मूल अचानक बेशुद्ध पडत असेल आणि घरात तरुण वयात कोणी अचानक गेलेलं असेल, तर 'अशक्तपणा आहे' म्हणून सोडून देऊ नका. हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा.

५. हृदयाच्या ठोक्याशी कॅल्शियमचा संबंध कोणी शोधला?

लंडनचे सिडनी रिंगर. ते बेडकाचं हृदय मिठाच्या पाण्यात ठेवून प्रयोग करायचे आणि ते छान धडधडत राहायचं. नंतर कळलं की ते द्रावण नळाच्या पाण्यात बनवलेलं होतं. ऊर्ध्वपातित शुद्ध पाणी वापरलं तर हृदयाचे ठोके मंदावत जाऊन थांबले. नळाच्या पाण्यातलं कॅल्शियम हे काम करत होतं, हे त्यांनी १८८३ मध्ये प्रसिद्ध केलं.

मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की नागपुरातल्या वॉर्डावॉर्डात जी 'आरएल' सलाईन लटकलेली दिसते, तिच्यातला 'आर' म्हणजे हेच रिंगर. तिच्यात कॅल्शियम असतं. म्हणून रक्त चढवताना त्याच नळीतून आरएल सोडत नाहीत. पिशवीतलं रक्त पातळ राहावं म्हणून कॅल्शियम बांधून ठेवलेलं असतं (प्रश्न १०), आणि आरएलमधून नवीन कॅल्शियम मिळालं तर नळीत गुठळ्या होऊ शकतात.

६. बाबांची ट्रोपोनिन टेस्ट पॉझिटिव्ह आली. म्हणजे कॅल्शियम वाढलं काय?

नाही. ट्रोपोनिन हा तीन प्रथिनांचा संच आहे: सी, आय आणि टी. कॅल्शियम धरतं ते ट्रोपोनिन सी. ते धरल्यावर आय आणि टी सरकतात, स्नायूचे धागे एकमेकांवर ओढले जातात आणि ठोका पडतो. हृदयाच्या पेशी मेल्या की हा संच फुटून रक्तात येतो. तपासणी मात्र आय किंवा टी ची करतात. ट्रोपोनिन सी हृदयात आणि हातापायांच्या काही स्नायूंत अगदी सारखंच असतं, त्यामुळे ते कुठून आलं हे सांगता येत नाही. पॉझिटिव्ह ट्रोपोनिन म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा. त्याचा रक्तातल्या कॅल्शियमशी संबंध जोडत बसू नका, ताबडतोब दवाखाना गाठा.

७. आईचं कॅल्शियम ७.९ आलं, खाली लाल खूण आहे. घाबरायचं काय?

आधी त्याच रिपोर्टमध्ये अल्ब्युमिन किती आहे ते बघा. हा प्रश्न मला सर्वांत जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

रक्तातल्या एकूण कॅल्शियमपैकी जवळजवळ निम्मं सुटं असतं. सुमारे ४० टक्के प्रथिनांनी धरलेलं असतं, त्यात मुख्य अल्ब्युमिन. उरलेलं सायट्रेट, फॉस्फेट वगैरेंशी जोडलेलं. शरीराला कामाचं फक्त सुटं कॅल्शियम, आणि नेहमीची तपासणी मोजते सगळं मिळून. यकृताचा आजार, मूत्रावाटे प्रथिनं जाणं, कुपोषण किंवा लांबलेलं आजारपण यांत अल्ब्युमिन उतरतं. मग धरलेलं कॅल्शियम कमी होतं, एकूण आकडा खाली येतो, आणि सुटं कॅल्शियम मात्र नीट असू शकतं.

अंदाजासाठी एक सूत्र वापरतात. ४ मधून अल्ब्युमिन वजा करा, ०.८ ने गुणा आणि मोजलेल्या कॅल्शियममध्ये मिळवा. आईचं अल्ब्युमिन २.५ असेल तर ४ वजा २.५ म्हणजे १.५, गुणिले ०.८ म्हणजे १.२. एकूण ९.१ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. साधारण मर्यादा ८.५ ते १०.५ धरली तर हे व्यवस्थित आहे.

अल्ब्युमिन ४ च्या आसपास असूनही कॅल्शियम ७.९ असेल तर मात्र ती खरी कमतरता आहे. तोंडाभोवती मुंग्या, हातात गोळे येणं, झटके, यातलं काही असेल तर थांबू नका. आणि हे सूत्र आयसीयूतल्या किंवा किडनीच्या रुग्णांसाठी भरवशाचं नाही. तिथे 'आयोनाइज्ड', म्हणजे सुटं, कॅल्शियम थेट मोजून घ्यावं.

८. एकाच आठवड्यात दोन ठिकाणी तपासलं, आकडे वेगळे आले. कोणतं खरं?

कदाचित दोन्ही. दंडाला पट्टा बांधून बराच वेळ शीर शोधत राहिलं की शिरेतलं पाणी बाहेर झिरपतं, प्रथिनं मागे राहून दाट होतात आणि त्यांच्यासोबत कॅल्शियमचा आकडा चढतो. उभं राहून आणि झोपून दिलेल्या रक्तातही थोडा फरक पडतो.

खरी चूक होते ती नळीत. जांभळ्या टोपणाच्या नळीत ईडीटीए असतं, ते कॅल्शियम पकडून ठेवतं. त्या नळीतलं थोडंसं रक्त दुसऱ्या नळीत ओतलं गेलं, तर कॅल्शियम खूपच खाली आणि पोटॅशियम खूपच वर दिसतं. माणूस धडधाकट आणि रिपोर्टमध्ये ही जोडी असेल, तर उपचारांआधी पुन्हा नमुना द्या.

९. मुलगी परीक्षेच्या ताणाने जोरजोरात श्वास घेऊ लागली, बोटं वाकडी झाली. तपासणीत कॅल्शियम नॉर्मल. मग झालं काय?

कॅल्शियम होतं तेवढंच होतं, अल्ब्युमिनने ते जास्त धरलं. जोरात श्वास घेतल्याने कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो आणि रक्त अल्कधर्मी होतं. अल्ब्युमिनवरचे हायड्रोजन आयन निघून जातात आणि त्या मोकळ्या जागी कॅल्शियम बसतं. सुटं कॅल्शियम काही मिनिटांत घसरतं, नसा विनाकारण चेतवल्या जातात, बोटं आखडतात. एकूण आकडा जागचा हलत नाही, म्हणून रिपोर्ट निर्दोष येतो. 'नाटक करते' असं तिला म्हणू नका, तिची बोटं खरोखर आखडली होती. शेजारी बसा आणि तिच्यासोबत सावकाश श्वास घ्या, सोडताना जास्त वेळ लावा. तोंडावर पिशवी धरू नका. दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर त्याने धोका होतो. पहिल्यांदाच असं झालं असेल तर डॉक्टरांना दाखवून घ्या.

१०. डेंग्यूच्या पेशंटसाठी प्लेटलेट्स दिल्या, तेव्हा ओठांना मुंग्या आल्या. हे धोक्याचं आहे का?

सहसा नाही, पण तिथल्या तिथे सांगायचं. मशीनमधून फिरणारं रक्त गोठू नये म्हणून त्यात सायट्रेट मिसळतात. ते कॅल्शियमला बांधतं आणि त्यातलं थोडं तुमच्या अंगात परत जातं. म्हणून ओठ झिणझिणतात. कर्मचारी मशीनचा वेग कमी करतात किंवा कॅल्शियमची गोळी चघळायला देतात, आणि थोड्या वेळात बरं वाटतं. यकृत आणि स्नायू सायट्रेट लवकर संपवतात. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा प्लेटलेट्स द्यायला काहीच हरकत नाही.

११. कॅल्शियमची गोळी घेतल्याने रक्त घट्ट होतं का? बाबा रक्त पातळ करण्याची गोळी घेतात.

कॅल्शियमशिवाय रक्त गोठत नाही हे खरं. पण गोठायला जेवढं लागतं तेवढं रक्तात नेहमीच असतं, गोळीने त्यात फरक पडत नाही.

फरक पडतो तो व्हिटॅमिन के मुळे. रक्त गोठवणाऱ्या काही प्रथिनांवर (घटक २, ७, ९ आणि १०) यकृत या व्हिटॅमिनच्या मदतीने एक जादा आम्लगट बसवतं, आणि त्यामुळेच त्यांना कॅल्शियम धरून जखमेच्या जागी चिकटता येतं. वॉरफरिन किंवा अ‍ॅसिनोकुमॅरॉल ही औषधं नेमकं हे काम अडवतात. प्रथिन बनतं, पण कॅल्शियम धरता न आल्याने निकामी राहतं.

हे व्हिटॅमिन हिरव्या पाल्यात भरपूर असतं, म्हणून या गोळ्या घेणाऱ्यांनी पालक, मेथी, सांबार (कोथिंबीर) अशा हिरव्या पाल्याचं प्रमाण रोज साधारण सारखं ठेवावं. भाज्या बंद करू नयेत, आणि एका आठवड्यात एकदम भरपूरही खाऊ नयेत. दोन्हींनी आयएनआर (रक्त गोठायला लागणारा वेळ दाखवणारा आकडा) हलतो. रक्त पातळ करणारी काही नवी औषधं या मार्गाने काम करत नाहीत, त्यांना हा नियम लागू नाही. बाबांची गोळी कोणत्या प्रकारची आहे ते डॉक्टरांना विचारून घ्या.

१२. नागपुरात एवढं ऊन, तरी घरात सगळ्यांचं व्हिटॅमिन डी कमी. असं कसं?

ऊन गावात आहे, कातडीवर पडत नाही. एप्रिल-मे मध्ये दुचाकीवर निघालेली मुलगी डोळे सोडून सगळा चेहरा दुपट्ट्यात गुंडाळते, हातात लांब मोजे घालते. बाकीचे कूलरसमोर असतात. व्हिटॅमिन डी बनवणारे किरण खिडकीच्या काचेतून येत नाहीत, आणि सावळ्या त्वचेला जास्त वेळ लागतो. उन्हाळ्यात भर दुपारी उभं राहा असं मी कोणालाच सांगणार नाही, उष्माघात होतो. हिवाळ्यातलं ऊन अंगावर घ्या, तेव्हा आपल्याकडे ते सोसवतं.

आता प्रथिनाचा भाग. व्हिटॅमिन डी आतड्याच्या पेशींना कॅल्बिंडिन बनवायला सांगतं. रॉबर्ट वॉसरमन यांना १९६६ मध्ये कोंबडीच्या पिलांच्या आतड्यात हे प्रथिन सापडलं. पेशीच्या एका कडेने आत आलेलं कॅल्शियम ते दुसऱ्या कडेपर्यंत पोचवतं आणि मधल्या वाटेत पेशीला त्याचा त्रास होऊ देत नाही (प्रश्न २). गंमत अशी की हे प्रथिन नसलेले उंदीरही कॅल्शियम शोषून घेतात. म्हणजे शरीराकडे याला पर्यायी वाटा आहेत.

साठ हजार युनिटच्या पुड्या डॉक्टरांनी सांगितले तेवढेच आठवडे घ्या. 'चांगलं वाटतं' म्हणून वर्षभर चालू ठेवणारे लोक मला माहीत आहेत. त्याने कॅल्शियम धोकादायक वाढून किडनी बिघडू शकते.

१३. गोळीवर १२५० लिहिलंय, डॉक्टर म्हणतात ५००. कोणतं बरोबर?

दोन्ही. १२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटमध्ये शुद्ध कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम असतं. कार्बोनेटची गोळी जेवणासोबत घ्यावी, सायट्रेटची कधीही चालते. एका वेळी ५०० पेक्षा जास्त घेतलं तर शोषणाचं प्रमाण घटतं. थायरॉइडच्या गोळीपासून चार तासांचं अंतर ठेवा. डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन अशा अँटिबायोटिक्सनाही कॅल्शियम पोटातच बांधून टाकतं, त्यांचं अंतर डॉक्टरांना विचारा.

१४. दूध पचत नाही. काय खायचं?

दुधातलं कॅल्शियम केसिन या प्रथिनाने धरलेलं असतं, म्हणून ते दुधात एवढं भरपूर असूनही खाली बसत नाही. दूध पचत नसेल तर दही-ताक बघा, बऱ्याच जणांना ते चालतं. तिळात १०० ग्रॅमला हजार मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं, नाचणीत साडेतीनशेच्या आसपास. जवसाची चटणी आपल्याकडे घरोघरी असतेच, तिच्यातूनही थोडं मिळतं.

पालकाच्या आकड्यावर जाऊ नका. त्यातलं कॅल्शियम ऑक्झलेटने इतकं घट्ट धरलेलं असतं की जेमतेम ५ टक्के अंगी लागतं. दुधातलं याच्या पाचपट लागतं.

१५. किडनी स्टोन झालाय. दूध, दही बंद करू ना?

बंद करू नका. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला पकडतं आणि ते शौचावाटे जातं. दूध-दही तोडलं की ऑक्झलेट मोकळं राहून रक्तातून मूत्रात उतरतं आणि खडा वाढायला मदतच होते. मूत्रात स्फटिक जमू न देणारी प्रथिनंही असतात, ऑस्टिओपॉन्टिन हे त्यातलं एक. पण पाणीच कमी प्यालं तर त्यांचंही काही चालत नाही, आणि आपल्या उन्हाळ्यात घामावाटे किती पाणी जातं हे वेगळं सांगायला नको. लघवी फिकट राहील इतकं पाणी प्या, मीठ कमी करा. संत्री जरूर खा. त्यातलं सायट्रेट मूत्रात जाऊन कॅल्शियमला धरतं आणि खडा बनायला अडथळा करतं. व्हिटॅमिन सी च्या मोठ्या डोसाच्या गोळ्या मात्र टाळा, त्यांचं अंगात ऑक्झलेट बनतं.

१६. बीपीची गोळी 'कॅल्शियम ब्लॉकर' आहे म्हणे. हाडं ठिसूळ होतील का?

नाही. अ‍ॅम्लोडिपिनसारखी गोळी रक्तवाहिन्यांच्या स्नायूपेशींवरची कॅल्शियमची चॅनेल अडवते. आत कॅल्शियम कमी गेलं की कॅल्मोड्युलिन (प्रश्न ४) कमी जागं होतं, वाहिनी सैलावते आणि बीपी उतरतं. हाडातल्या साठ्याला ती हात लावत नाही. कॅल्शियमची गोळी आणि ही गोळी दोन्ही चालू असतील तरी एकमेकींना मारत नाहीत. या भीतीने बीपीची गोळी स्वतःहून सोडलेले लोक मला भेटले आहेत. कृपा करून तसं करू नका.

१७. मासे खाल्ले की अंगावर गांधी उठतात, झिंगे मात्र चालतात. असं असू शकतं?

असू शकतं. माशाच्या अ‍ॅलर्जीचं सर्वांत मोठं कारण म्हणजे प्रश्न ३ मधलं पार्व्हाल्ब्युमिन. ते उष्णतेने सहज मोडत नाही, त्यामुळे सावजी रश्शात कितीही उकळलं तरी उपयोग नाही. रोहू, कटला, पापलेट यांतलं पार्व्हाल्ब्युमिन बरंचसं सारखं असतं, म्हणून एकाचा त्रास असेल तर दुसऱ्याचाही होण्याची शक्यता मोठी. झिंग्याची अ‍ॅलर्जी मुख्यतः ट्रोपोमायोसिन या वेगळ्याच प्रथिनाची. ओठ-घसा सुजला, आवाज बसला किंवा श्वास अडला तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका, सरळ इमर्जन्सीत जा.

१८. डॉक्टरांनी शौचाची 'कॅल्प्रोटेक्टिन' तपासणी सांगितली. हे कॅल्शियम मोजतात का?

नाही. कॅल्प्रोटेक्टिन हे पांढऱ्या पेशींमधलं कॅल्शियम धरणारं प्रथिन आहे. ते जंतूंना लागणारं जस्त आणि मँगनीज पळवून त्यांची उपासमार करतं. आतड्याला सूज असली की पांढऱ्या पेशी तिथे जमतात आणि ते शौचात उतरतं. ५० मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅमच्या खाली असेल तर आतड्याचा दाहक आजार असण्याची शक्यता फार कमी राहते, आणि कित्येकांची कोलोनोस्कोपी वाचते. आकडा वाढलेला दिसला तर आधी आठवा: गेल्या काही दिवसांत डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या घेतल्या होत्या का? जुलाब झाले होते का? त्यांनीही तो वाढतो.

१९. बायोप्सीत 'एस-१०० पॉझिटिव्ह' आलं.

एस-१०० हा कॅल्शियम धरणाऱ्या प्रथिनांचा गट आहे, पण या शेऱ्याचा तुमच्या कॅल्शियमशी संबंध नाही. ते प्रथिन कोणत्या पेशींत असतं हे माहीत असल्यामुळे पॅथॉलॉजिस्ट त्याच्या रंगावरून पेशींची ओळख पटवतात, उदाहरणार्थ नसांच्या आवरणाच्या किंवा रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी. कुष्ठरोगात नसांचं नुकसान पाहायलाही हा रंग वापरतात. नुसत्या 'पॉझिटिव्ह' शब्दावरून कॅन्सर आहे की नाही हे ठरत नाही, पूर्ण निष्कर्ष वाचून घ्या.

२०. स्मरणशक्तीसाठी जेलीफिशच्या प्रथिनाच्या गोळ्या मागवू का?

पैसे वाचवा. ते प्रथिन म्हणजे इक्वोरिन. ओसामू शिमोमुरा यांनी १९६२ मध्ये ते जेलीफिशमधून वेगळं केलं. कॅल्शियम धरलं की ते निळं चमकतं, आणि प्रयोगशाळेत ते फार मोलाचं ठरलं. पण गिळलेलं प्रथिन पोटात इतर कोणत्याही प्रथिनासारखंच पचून जातं. अमेरिकेत अशा गोळीच्या जाहिरातीतल्या दाव्यांवरून २०१७ मध्ये तिथल्या सरकारी यंत्रणेने खटला भरला.

२१. किडनी बसवल्यावर टॅक्रोलिमस चालू आहे. त्याचा यात काय संबंध?

थेट संबंध आहे. प्रतिकारक टी-पेशीत कॅल्शियम वाढलं की कॅल्मोड्युलिन कॅल्सिन्युरिन या एन्झाइमला जागं करतं आणि परक्या अवयवावर हल्ला सुरू होतो. टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिन ही औषधं कॅल्सिन्युरिनला अडवतात. म्हणून एक डोस चुकवणंही महागात पडतं.

२२. मुलाला सिकलसेल आहे. लाल पेशीत कॅल्शियम शिरतं असं वाचलं. दूध बंद करू का?

अजिबात नाही. विदर्भात हा आजार ज्या घरांत आहे तिथल्या आयांकडून हा प्रश्न येतो, आणि त्यांनी एवढं वाचून विचारलं याचं मला कौतुक वाटतं.

वाचलेलं बरोबर आहे. ऑक्सिजन कमी झाला की सिकल हिमोग्लोबिनचे दांडे बनतात, पेशीचं आवरण ताणलं जातं आणि बाहेरचं कॅल्शियम आत झिरपतं. तिथल्या एका पोटॅशियम चॅनेलला कॅल्मोड्युलिन आधीच जोडलेलं असतं. कॅल्शियम मिळताच ते चॅनेल उघडतं, पोटॅशियम बाहेर जातं आणि त्यामागे पाणी. पेशी आकसते, हिमोग्लोबिन आणखी दाट होतं आणि दांडे आणखी लवकर बनतात. हे चॅनेल अडवणारं सेनिकापॉक नावाचं औषध तपासून झालं. हिमोग्लोबिन सुधारलं, पण वेदनेचे झटके कमी झाले नाहीत, म्हणून ती चाचणी थांबवावी लागली.

आता दुधाचं. रक्तातलं सुटं कॅल्शियम शरीर अगदी अरुंद मर्यादेत ठेवतं. दूध तोडल्याने ते कमी होत नाही, कमी पडलं तर हाडांतून काढलं जातं. या मुलांची हाडं आधीच नाजूक असतात. तुमच्या हातात आहे ते पाणी. लाल पेशी सुकू द्यायची नाही. शाळेच्या दप्तरात मोठी बाटली द्या, वर्गात पाणी प्यायला आणि लघवीला जायला बाईंची परवानगी आधीच घेऊन ठेवा, मे महिन्यात भर दुपारचं खेळणं टाळा. हायड्रॉक्सियुरिया सुरू असेल तर ते डॉक्टरांना न विचारता थांबवू नका.

२३. माझं कॅल्शियम दरवेळी ११ येतं, त्रास काहीच नाही. गळ्यातल्या ग्रंथीचं ऑपरेशन सुचवलंय. करू का?

ऑपरेशनचा निर्णय तुमच्या डॉक्टरांसोबतच घ्यायचा, पण त्याआधी त्यांना दोन गोष्टी विचारा.

पहिली: सुटं कॅल्शियम वाढलंय की एकूण? मायलोमासारख्या आजारात (हा रक्तपेशींचा एक कर्करोग) क्वचित असं जादा प्रथिन बनतं की तेच कॅल्शियम धरून बसतं. एकूण आकडा चढतो, सुटं नॉर्मल असतं. प्रश्न ७ मधल्या गोष्टीची ही उलटी बाजू.

दुसरी: घरात आणखी कोणाचं असंच आहे का? गळ्यातल्या या पॅराथायरॉइड ग्रंथीच्या पेशींवर रक्तातलं कॅल्शियम जोखणारं एक प्रथिन असतं, १९९३ मध्ये त्याचा शोध लागला. काही कुटुंबांत ते जन्मतः थोडं बधिर असतं. ग्रंथीला रक्तातलं कॅल्शियम कमीच वाटतं, म्हणून ती ते चढं ठेवते, आणि किडनीही ते मूत्रात सोडत नाही. अशा माणसाला सहसा काही त्रास होत नाही, आणि ग्रंथी काढून काही साधत नाही. ओळखायचं असं की रक्तात कॅल्शियम जास्त आणि मूत्रात फार कमी. २४ तासांच्या लघवीतलं कॅल्शियम आणि क्रिएटिनिन मोजून हे कळतं. लघवी गोळा करताना सकाळची पहिली सोडून द्यायची आणि दुसऱ्या दिवशीची पहिली धरायची. मधली एक जरी राहिली तरी लॅबमध्ये तसं सांगा, नाहीतर आकडा खोटाच कमी येईल. सोबत भावंडांचं आणि आईवडिलांचं साधं रक्तातलं कॅल्शियमही तपासून घ्या.